अंगठा

हाताच्या पाच बोटांमध्ये अंगठा दिसायला सर्वांत बुटका. तर्जनीसारखा तो कोणाकडे रोखता येत नाही, अनामिकेसारखी त्याला अंगठी शोभत नाही आणि करंगळीसारखे त्याला कोणी लाडाने धरीत नाही. तरीही लेखणी धरायची असो, सुईत दोरा ओवायचा असो की भाकरीचा घास मोडायचा असो, अंगठ्यावाचून हाताचे काहीएक चालत नाही. द्रोणाचार्यांनी एकलव्याकडे गुरुदक्षिणा म्हणून नेमका अंगठाच मागितला, तो उगीच नव्हे.

असे असूनही आपल्या भाषेने अंगठ्याचा फारसा मान राखलेला नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला आपण 'अंगठेबहाद्दर' म्हणतो. कोणी आयत्या वेळी हात वर केले, की 'त्याने अंगठा दाखविला' असे म्हणतो. जुन्या दस्तऐवजांच्या तळाशी 'निशाणी डावा अंगठा' ही अक्षरे आणि शेजारी शाईचा एक काळा डाग दिसतो. वरच्या ओळींत काय लिहिले आहे हे त्या डागाच्या धन्याला ठाऊक नसे. तो अंगठा उमटवी आणि त्या दिवसापासून त्याचे शेत, त्याचे बैल आणि त्याची झोप दुसऱ्याच्या वहीत जमा होत असे.

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान सुरू झाल्यानंतर काही वर्षे मी प्रौढांचे रात्रीचे वर्ग चालवीत होतो. दिवसभर शेतात राबलेली माणसे कंदिलाच्या उजेडात पाटीवर अक्षरे गिरवीत. त्यांत साठी उलटलेली एक आजी होती. तीन महिन्यांच्या खटपटीनंतर तिला स्वतःचे नाव लिहिता येऊ लागले, तेव्हा आम्ही सर्वांनी टाळ्या वाजविल्या. आजी मात्र पाटीकडे पाहत विचारात पडली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "गुरुजी, सही तर आली. पण सहीच्या वर जे लिहिलेलं असतं, ते वाचायला कधी शिकवणार?"

मुलांनो, त्या आजीचा प्रश्न मी पुढे प्रत्येक वर्गाला सांगितला. वर लिहिलेले न वाचता केलेली सही ही शाईच्या डागाहून तसूभरही श्रेष्ठ नसते, हे त्या निरक्षर बाईला कळले होते. तिच्या प्रश्नामागे आपल्या मुलखाचा मोठा इतिहास उभा आहे.

पुणे जिल्ह्यात, आजच्या बारामती तालुक्यात, सुपे नावाचे बाजाराचे गाव आहे. १२ मे १८७५ रोजी तेथे आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. त्यांना मुख्यतः हवी होती ती सावकारांच्या पेटीतील खते. खत म्हणजे कर्जाचा लेखी दस्त. शेतकऱ्यांनी खते आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली. पाहता पाहता हा वणवा पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. इतिहासात यालाच 'दख्खनचे दंगे' म्हणतात. पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्यांनी सावकाराच्या अंगाला हात लावला नाही. कागद हाती देताच ते परत फिरले. माणसांपेक्षा कागदांवरच त्यांचा राग अधिक होता.

एवढा राग कागदावर का असावा? १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी शेतकऱ्यांना हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळला, त्यातच सरकारने शेतसारा वाढविला आणि सावकारांनी नवे कर्ज देणे थांबविले. जुने कर्ज मात्र वाढतच राहिले. १८५९ च्या एका कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांची ठरविली होती. कर्ज फार साचू नये असा त्याचा हेतू होता. पण सावकारांनी त्यातून उलटीच वाट काढली. मुदत संपत आली की जुने मुद्दल आणि त्यावरचे व्याज मिळून नवे मुद्दल धरावयाचे, नवे खत लिहावयाचे आणि शेतकऱ्याचा अंगठा पुन्हा घ्यावयाचा. फेडलेल्या रकमेची पावती बहुधा मिळत नसे. शंभर रुपये घेतलेल्या माणसाच्या नावावर काही वर्षांनी किती रुपये निघत, हे त्याला स्वतःलाच माहीत नसे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात विद्येवाचून शेतकरी कसा नागवला जातो, याचे विदारक चित्र रेखाटले आहे.

दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ साली 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला. त्यात शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, सावकाराने पावती द्यावी, आणि वाद उद्भवल्यास न्यायाधीशाने नुसता अंगठा पाहून न थांबता व्यवहाराच्या मुळापासूनचा हिशेब तपासावा, अशा तरतुदी होत्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालील विशेष न्यायाधीश म्हणून काही वर्षे काम पाहिले. त्या कायद्याने सगळे दुःख संपले असे नाही. परंतु एक तत्त्व मान्य झाले. कर्ज घेणाऱ्याला आपण काय कबूल करीत आहोत हे कळले पाहिजे. ते कळल्यावाचून उमटलेल्या अंगठ्याला न्यायाच्या दृष्टीने पूर्ण किंमत नाही.

हे वाचून तुम्ही म्हणाल, "मग कर्ज घेऊच नये, हेच उत्तम!" महाभारताच्या वनपर्वात यक्ष युधिष्ठिराला विचारतो, "सुखी कोण?" युधिष्ठिर सांगतो, की ज्याच्या माथ्यावर ऋण नाही आणि ज्याला घर सोडून परमुलखात राहावे लागत नाही, तो घरी साधी भाजी शिजवून खात असला तरी सुखी होय. उत्तर सुंदर आहे. परंतु पेरणीच्या तोंडावर ज्याच्या घरी बियाणे नाही, त्याचे पोट या उत्तराने भरत नाही. कर्ज हे विस्तवासारखे आहे. चुलीत असेल तर अन्न शिजविते, छपरावर गेले तर घर जाळते.

चुलीतला विस्तव मी आमच्याच घरी पाहिला. १९७२ च्या भीषण दुष्काळात मी अकरा वर्षांचा, म्हणजे तुमच्याच वयाचा होतो. आमची विहीर तळाला गेली होती. दुष्काळ सरल्यावर आमच्या वडिलांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, विहीर खोल करण्यासाठी भूविकास बँकेकडे चार हजार रुपयांचे कर्ज मागितले. आप्पांना सही येत होती. वाचन मात्र अडखळतच होई. बँकेचा कागद घरी आला त्या रात्री त्यांनी मला कंदिलाशेजारी बसविले आणि म्हणाले, "मोठ्यानं वाच."

मी वाचू लागलो. 'तारण', 'मुद्दल', 'थकबाकी' असे शब्द येऊ लागले. मी ते घाईघाईने ओलांडू पाहत होतो. पण आप्पा प्रत्येक शब्दाशी मला थांबवीत. "थकबाकी म्हणजे काय?" मला सांगता येईना. "उद्या मास्तरांना विचारून ये." असे करता करता त्या एका कागदाला चार रात्री लागल्या. चौथ्या रात्री आप्पांनी बोटांवर हिशेब केला. दर वर्षी कांदा निघाल्यावर किती द्यायचे, एखादे वर्ष पाऊस चुकला तर काय करायचे, याची आईशी चर्चा केली आणि मग सकाळी उठून सही केली. पुढे एकदा मी त्यांना विचारले, की शेजारच्यांनी लग्नासाठी कर्ज काढले, तसे तुम्ही ताईच्या लग्नासाठी का काढले नाही? आप्पा म्हणाले, "कर्ज आधी मरावं, वस्तू नंतर. लग्नाचा मांडव चौथ्या दिवशी उतरतो अन् हप्ता पाच वर्षं चालतो. विहीर मात्र हप्ता फिटल्यावरही पाणी देते."

या एका वाक्यात कर्जाचे सारे शहाणपण आले आहे, असे मला अजूनही वाटते. बियाणे, विहीर, शिलाईचे यंत्र, शिक्षण, राहते घर यांसाठीचे कर्ज पुष्कळदा स्वतःच्या पायांवर उभे राहून स्वतःला फेडते. ऋण काढून केलेला सण मात्र दुसऱ्या दिवशी शिळा होतो आणि त्याचे ऋण ताजेच राहते.

आप्पांना बँकेचे कर्ज मिळू शकले, हीदेखील लहान गोष्ट नव्हती. १९५१-५२ साली आपल्या देशात ग्रामीण कर्जाची मोठी पाहणी झाली होती. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे सत्तर रुपये सावकारांकडून आलेले होते आणि सहकारी संस्थांकडून आलेले होते जेमतेम तीन. त्यानंतरच्या वर्षांत गावोगावी सोसायट्या उभ्या राहिल्या, पतपेढ्या निघाल्या, पुढे बायकांचे बचत गट आले. 'पतपेढी' या शब्दातील 'पत' मोठी अर्थपूर्ण आहे. पत म्हणजे बाजारातील विश्वास, आणि पत म्हणजे अब्रूही. आपल्या पूर्वजांनी या दोहोंसाठी एकच शब्द ठेवला. घेतलेले वेळेवर परत करणाऱ्याची पत गाव ओळखत असे. आज हे काम पतमाहिती कंपन्या करतात. कोणी कोणता हप्ता वेळेवर भरला, कोणता चुकविला, याची त्या नोंद ठेवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० यांच्यामध्ये एक अंक देतात. ही वही आपल्याला दिसत नसली तरी ती लिहिली जात असते.

आता थोडे गणित करू. घाबरू नका, हे गणित परीक्षेत येणार नाही, आयुष्यात मात्र हमखास येईल.

पूर्वी रुपयाचे सोळा आणे होत. सावकार म्हणे, "महिन्याला रुपयामागे एकच आणा द्या." एक आणा म्हणजे किती किरकोळ! पण बारा महिन्यांचे बारा आणे झाले, म्हणजे सोळा आण्यांवर बारा आणे व्याज, शेकडा पंचाहत्तर. 'शेकडा तीन' असे कोणी म्हणाले, तर 'महिन्याला की वर्षाला?' हा प्रश्न आधी विचारावा. महिन्याचे तीन म्हणजे वर्षाचे छत्तीस.

दुसरे उदाहरण पाहा. एका दुकानदाराने १२,००० रुपयांची वस्तू वर्षभराच्या हप्त्यांवर दिली आणि सरसकट १२ टक्के व्याज सांगितले. व्याज झाले १,४४० रुपये, आणि महिन्याचा हप्ता १,१२०. हिशेब सरळ दिसतो. पण सहा महिन्यांनी निम्मे मुद्दल तुम्ही परत केलेले असते, तरी व्याज मात्र पूर्ण १२,००० रुपयांवरच चालू राहते. जेवढे पैसे खरोखर तुमच्याकडे होते तेवढ्यांवरच व्याज धरले, तर हा दर बाराचा न राहता साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. 'शून्य टक्के व्याज' अशी पाटी दिसली, तर तीच वस्तू रोखीने घेतल्यास किती स्वस्त मिळते, हे विचारावे. वेगळे शुल्क आहे का, हेही विचारावे. व्याज पुष्कळदा दाराने न येता खिडकीने येते.

क्रेडिट कार्डाचेही तसेच. ठरलेल्या तारखेला संपूर्ण बिल भरणाऱ्याला खरेदीवर सहसा व्याज पडत नाही. त्याच्यासाठी ते सोयीचे साधन आहे. परंतु बिलावर 'किमान देय रक्कम' असाही एक आकडा छापलेला असतो. बिल दहा हजारांचे आणि किमान रक्कम पाचशेची! पाचशे भरून माणूस निर्धास्त होतो आणि उरलेल्या रकमेवर महिन्याला शेकडा तीन-साडेतीन रुपयांनी व्याज चढू लागते. रुपयाला आणा मागणाऱ्या सावकाराचा हा धाकटा भाऊच म्हणावयाचा.

इतका वेळ मी शाईच्या अंगठ्याबद्दल आणि सहीबद्दल बोललो. आता काचेवरच्या अंगठ्याकडे वळतो. मोबाइलच्या पडद्यावर बारीक अक्षरांचा मोठा मजकूर येतो आणि तळाशी एक रंगीत चौकट असते. तीवर 'मान्य आहे' असे लिहिलेले असते. आपण मजकूर झरझर वर सरकवितो आणि त्या चौकटीवर अंगठा टेकवितो. सुप्याच्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हते म्हणून त्याने अंगठा दिला. आपल्याला वाचता येते, आणि तरीही आपण न वाचताच अंगठा देतो!

याचे फळ काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या मोबाइलवर अनोळखी क्रमांकावरून संदेश आला. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे छायाचित्र त्यात होते आणि खाली मजकूर होता, की हा माणूस चोर आहे, त्याने पैसे बुडविले आहेत आणि तुम्ही त्याचे जामीन आहात. मी कोणाचाही जामीन राहिलो नव्हतो. मुलगा अतिशय सरळ होता. शाळेत असताना सापडलेली दोन रुपयांची नाणीही तो कार्यालयात आणून देत असे. मी चपला घातल्या आणि त्याचे घर गाठले.

तो दार लावून अंधारात बसला होता. मोबाइल बंद करून त्याने तांदळाच्या डब्यात ठेवला होता. "गुरुजी, कोणत्या तोंडानं तुमच्याकडं येऊ?" एवढेच तो म्हणाला. हळूहळू सारी हकीकत बाहेर आली. पगार लांबला होता आणि आईच्या औषधासाठी पाच हजार रुपये हवे होते. 'कागदपत्रांशिवाय पाच मिनिटांत कर्ज' अशी जाहिरात त्याने मोबाइलवर पाहिली, ते ॲप घेतले आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला 'मान्य आहे' म्हणत गेला. त्या प्रश्नांमध्ये त्याच्या मोबाइलमधील सर्वांचे क्रमांक आणि सगळी छायाचित्रे पाहण्याची परवानगीही होती. खात्यावर आले साडेतीन हजार. दीड हजार 'शुल्क' म्हणून आधीच कापलेले. आणि सात दिवसांनी परत करावयाचे होते पूर्ण पाच हजार!

हिशेब करून पाहा. साडेतीन हजारांवर दीड हजार, म्हणजे शंभराला सुमारे त्रेचाळीस रुपये, आणि तेही एका आठवड्याचे. रुपयाला आणा घेणारा सावकार शंभरावर महिन्याला सव्वासहा रुपये घेत असे. पहिले देणे भागविण्यासाठी मुलाने दुसऱ्या ॲपवरून पैसे घेतले, दुसऱ्यासाठी तिसऱ्यावरून. जुन्या खताचे नवे खत करण्याचाच हा प्रकार. मात्र सावकाराला तीन वर्षे लागत, येथे सात दिवस पुरले. दोन महिन्यांत देणे साठ हजारांवर गेले आणि मग धमक्या, शिव्या आणि ओळखीच्या प्रत्येक माणसाला संदेश सुरू झाले.

त्या मुलाला सर्वाधिक छळले ते पैशाने नव्हे, लाजेने. घरी सांगावे तर लाज, मित्रांना सांगावे तर लाज. त्याची लाज हेच त्या ठगांचे खरे भांडवल होते. तो जोवर गप्प होता तोवर त्यांचा धंदा चालला. आम्ही दोघांनी बसून सर्व संदेश जपून ठेवले, कोणत्या दिवशी किती आले व किती गेले याचा कागद केला आणि पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. ओळखीच्या सर्वांना त्याने स्वतःच कळविले, की माझी फसवणूक झाली आहे, अशा संदेशांकडे लक्ष देऊ नका. गेलेले पैसे परत आले नाहीत. परंतु पंधरा दिवसांत फोन थंडावले, आणि मुख्य म्हणजे, दार उघडले. आईच्या औषधाचे पैसे नातेवाइकांनी हसत दिले. ते आधी मागितले असते तरी दिले असते.

असे प्रकार एकट्यादुकट्याचे नव्हते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या कार्यगटाने २०२१ साली आपल्या अहवालात नोंदविले, की कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप आढळली आणि त्यांपैकी ६०० बेकायदेशीर होती. त्यानंतर नियम कडक झाले. २०२२ पासून कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या बँक खात्यातच जमा झाली पाहिजे, असा नियम आहे. कर्जाच्या ॲपला मोबाइलमधील क्रमांक आणि छायाचित्रे धुंडाळण्याची मुभा नाही. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, आणि कर्जदाराची बदनामी करण्याचा अधिकार तर कोणालाच नाही. ऑक्टोबर २०२४ पासून, कर्ज देण्यापूर्वी बँकेने किंवा वित्तसंस्थेने कर्जदाराला त्याला समजणाऱ्या भाषेत एक पत्रक द्यावयाचे असते. सर्व शुल्के धरून वर्षाला खरा दर किती पडतो, हे त्यात लिहिलेले असते. १८७९ च्या कायद्याने गावच्या निबंधकाकडे सोपविलेले काम आज या पत्रकाने करावयाचे आहे. पण पत्रक स्वतः बोलत नाही. ते वाचावे लागते.

ठगांच्या युक्त्या नित्य नव्या असतात, तरी त्यांच्या खुणा जुन्याच. 'तुमचे कर्ज मंजूर झाले आहे, आधी या माणसाच्या खात्यावर शुल्क पाठवा,' असे कोणी म्हणाले, तर कर्ज येत नाही आणि शुल्कही परत येत नाही. 'पैसे पाठवितो, तेवढा पिन टाका,' असे म्हटले, तर लक्षात ठेवा, की यूपीआयचा पिन आपले पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नाही. मोबाइलवर आलेला ओटीपी हा घराच्या किल्लीसारखा; तो मागणारा स्वतःला बँकेचा साहेब म्हणवीत असला तरी देऊ नये. आणि 'आत्ताच्या आत्ता करा, नाहीतर संधी जाईल,' ही घाई तर सर्वांत मोठी खूण. खऱ्या सावकाराला विचार करणारा ऋणको चालतो. ठगाला तो चालत नाही. जामिनाचेही तसेच आहे. मित्राच्या कर्जाला जामीन राहणे ही नुसती मैत्रीची सही नसते. त्याने फेडले नाही तर ते सारे कर्ज जामीनदाराकडून वसूल करता येते. त्यामुळे तोही कागद वाचूनच सही करावी. एवढे करूनही फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडविले जाण्याची शक्यता अधिक.

तुम्ही म्हणाल, "आम्ही तर लहान. आम्हांला कर्ज कोण देणार?" खरे आहे. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तुमचा करार कायद्याने बांधील होत नाही. पण जरा घरात पाहा. आजोबांचा मोबाइल कोण चालवून देतो? आईला आलेला बँकेचा संदेश कोण वाचून दाखवितो? बाबा घाईत असताना 'पुढचे काय ते तू दाब' असे कोणाला सांगतात? पूर्वी गावातल्या शिकलेल्या मुलाकडे लोक पत्रे वाचून घ्यायला येत. आज प्रत्येक घरात असा एक वाचक आहे, आणि तो बहुधा तुमच्याच वयाचा आहे. अंगठा आजोबांचा असतो, पण तो कोठे टेकवायचा हे तुम्ही सांगता. ही जबाबदारी लहान नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तशी रंगीत चौकट समोर आली, की अंगठा क्षणभर उचलून धरा आणि चार गोष्टी शोधा. हाती किती येणार? परत किती द्यायचे? केव्हा द्यायचे? आणि चुकले तर काय होणार? या चारांपैकी एकाचेही उत्तर सापडले नाही, तर चौकट दाबू नका. एखादा शब्द अडला, तर तो ओलांडून पुढे जाऊ नका. घरी विचारा, शाळेत विचारा. आणि सारे मोठ्याने वाचा, घरातल्या सर्वांना ऐकू जाईल असे. मोठ्याने वाचलेला कागद फसवू लागला, तर ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी हटकून विचारतो, "थांब, ते पुन्हा एकदा वाच बरे!"